एक बोलतो, बाकीचे ऐकतात

प्रश्न : मध्यंतरी रात्री आमच्या गल्लीत दोन घरांत मारामारी जुंपली म्हणून मी ११२ ला फोन लावला. पलीकडच्या ताईंनी आधी गाव विचारलं, मग तालुका, मग जवळची खूण, मग कुणाच्या हातात काही आहे का, कुणाला लागलंय का. माझा जीव वरखाली होत होता. इतकं विचारत बसण्यापेक्षा आधी गाडी का पाठवत नाहीत? आणि हा फोन लागतो तरी कुठे? आमच्या ठाण्यात तो वाजलाच नव्हता, असं नंतर कळलं.
– एक वाचक, कराड

उत्तर : खरंच, तो कराडला वाजलाच नाही. महाराष्ट्रात कुठूनही ११२ लावला की फोन नवी मुंबईत महापे इथल्या केंद्रात किंवा नागपूरच्या केंद्रात जातो. राज्यात ही व्यवस्था २०२१ पासून आहे. तुमच्याशी ज्या ताई बोलल्या त्या 'कॉल टेकर'. गाडी त्यांनी पाठवली नाही. गाडी पाठवणारा माणूस साताऱ्याला, जिल्हा पोलिसांच्या नियंत्रण कक्षात बसलेला होता. त्याच्या कामाचं नाव 'डिस्पॅचर', पण पोलिसांच्या रोजच्या बोलण्यात तो नुसता 'कंट्रोल'. ठाणे अंमलदार, गस्तीची गाडी, नाक्यावरचा शिपाई, सगळे त्याला याच नावाने पुकारतात.

तेव्हा विचारणारी व्यक्ती वेगळी आणि गाडी धाडणारी वेगळी. जगभर अशा केंद्रांत कामाची ही विभागणी याचसाठी केलेली असते. कॉल टेकर विचारतात आणि विचारता विचारता टाइप करतात. ठिकाण आणि घटनेचा प्रकार एवढं हाती आलं की एक नोंद तयार होते, तिला क्रमांक मिळतो आणि ती जिल्ह्याच्या डिस्पॅचरच्या पडद्यावर उमटते. त्यानंतरची तुमची उत्तरं त्या नोंदीत भर घालतात. 'एकाच्या हातात कोयता आहे' हे तुम्ही तिसऱ्या मिनिटाला सांगितलंत आणि तोवर गाडी निघालेली असली, तरी ते वाक्य वाया जात नाही. गाडीतल्या हवालदाराला ते दारात उतरण्याआधी कळतं, आणि त्याच्या जिवासाठी ते फार मोलाचं असतं.

पहिला प्रश्न 'कुठे' हाच का, तेही सांगतो. फोन केव्हाही तुटतो. बॅटरी संपते, रेंज जाते, कुणी तरी हातातून हिसकावून घेतं. काय घडलंय ते कळलं आणि कुठे ते राहून गेलं, तर साताऱ्यात बसलेला माणूस हतबल होतो. उलट नुसतं ठिकाण कळलं आणि फोन तुटला, तरी गाडी निघू शकते.

आता महाप्यात बसलेल्या ताईंच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. फोनवरचा माणूस घाबरून सांगतो, 'वडगावला या लवकर!' कोणतं वडगाव? एकट्या पुण्याच्या आसपास वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी आणि वडगाव मावळ आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात पेठ वडगाव आहे. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द अशा जोड्यांची गावं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि गावातला माणूस रोजच्या बोलण्यात ते बुद्रुक-खुर्द गाळूनच टाकतो. त्याला त्याची गरज नसते, शंभर-दोनशे किलोमीटरवर बसलेल्या माणसाला असते. म्हणून जिल्हा आणि तालुका विचारला जातो. त्यात फोनवर कुणी अहिराणीत बोलतं, कुणी मालवणीत, कुणी वऱ्हाडीत, आणि संकटात माणूस प्रमाण भाषेची आठवण ठेवत नाही. हे सगळं कानाने गाळून घेत पडद्यावर एक नेमकी जागा उमटवायची, हे कसबाचं काम आहे. मला ते गाडी चालवण्याहून अवघड वाटतं.

'पण माझ्या मोबाइलवरून ठिकाण कळत नाही का?' असं तुम्ही विचाराल. कळतं, पण अंदाजाने. टॉवरवरून काढलेलं ठिकाण शहरात, जिथे टॉवर दाट असतात, तिथे काही शे मीटरांच्या परिघात सापडतं. गावाकडे टॉवर विरळ, तिथे तो परीघ काही किलोमीटरांचाही होतो. फोनमधल्या उपग्रह यंत्रणेने दिलेलं ठिकाण जास्त नेमकं असतं, पण ते प्रत्येक फोनवरून, प्रत्येक वेळी, बंद खोलीतून मिळेलच असं नाही. चौथ्या मजल्यावर की सातव्या, हे तर नकाशा सांगतच नाही. त्यामुळे मारुतीच्या देवळामागची गल्ली, बंद पडलेल्या साखर कारखान्याचं फाटक, एसटी थांब्यासमोरचं कृषी सेवा केंद्र या खुणाच शेवटी गाडीला दारापर्यंत आणतात. महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड आणि तुम्ही कोणत्या दिशेला चालला होतात ते सांगा. द्रुतगती मार्गावर दिशा चुकली तर गाडीला कित्येक किलोमीटरांचा वळसा पडतो. रेल्वेमार्गाजवळ असाल तर विजेच्या खांबावर लिहिलेले आकडे वाचून दाखवा, त्यात किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक असतो.

दुसरा प्रश्न 'काय', तो कुणाला पाठवायचं ते ठरवण्यासाठी. नवऱ्या-बायकोचं भांडण, दुकानफोडी, जमावाची दगडफेक आणि रस्त्यावरचा अपघात या चारही ठिकाणी एकच कुमक पाठवून चालत नाही. कुठे मोटारसायकलवरचे दोन बीट मार्शल पुरतात, कुठे मोबाइल व्हॅन लागते, कुठे शेजारच्या ठाण्याची मदत घ्यावी लागते. कुणी जखमी असेल तर १०८ ची रुग्णवाहिका, आग असेल तर अग्निशमन दल. 'कुणाला लागलंय का' या तीन शब्दांवर दोन यंत्रणा हलणार की एक, हे ठरतं.

साताऱ्यातल्या डिस्पॅचरसमोर नकाशा असतो आणि त्यावर गाड्या. प्रतिसाद देणाऱ्या गाड्यांत आणि काही मोटारसायकलींवर एक छोटा पडदा बसवलेला असतो, त्याला एमडीटी म्हणतात. नोंद त्यावर येते. गाडीतला अंमलदार ती स्वीकारतो, निघाल्याचं कळवतो, पोहोचल्याचं कळवतो आणि शेवटी काय कारवाई केली ते लिहितो. प्रत्येक टप्प्याची वेळ आपोआप नोंदली जाते. कुणी 'कॉल अटेंड केला' म्हटलं, तर तो किती वाजता केला हे आता त्याच्या शब्दावर सोडलेलं नाही.

या व्यवस्थेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट नकाशाने घडवली. जुन्या पद्धतीत फोन ठाण्यात लागायचा, आणि 'ही आमची हद्द नाही, पुलापलीकडच्या ठाण्याला कळवा' हे उत्तर ज्यांनी ऐकलंय त्यांच्या मनातून ते जात नाही. नियंत्रण कक्षातल्या माणसाला साऱ्या हद्दी एकाच पडद्यावर दिसतात. जवळची गाडी पुलापलीकडच्या ठाण्याची असेल, तर तो तीच धाडू शकतो. गुन्हा कोणत्या ठाण्यात नोंदवायचा हे नंतर बघता येतं. हे प्रत्यक्षात कितपत पाळलं जातं हे प्रत्येक जिल्ह्याच्या शिस्तीवर अवलंबून आहे. पण निदान 'आम्हाला माहीतच नव्हतं' ही सबब उरलेली नाही.

आणखी एक. मोठा अपघात झाला की एकाच घटनेचे वीस-पंचवीस फोन येतात. कुणी ट्रक उलटला म्हणतं, कुणी टँकर, कुणी 'पुलाजवळ', कुणी 'टोलच्या अलीकडे'. हे सगळे एकाच अपघाताबद्दल बोलताहेत हे ओळखून एका नोंदीखाली आणावे लागतात, नाहीतर वीस गाड्या एकाच जागी जमतील. पण त्यातल्या एकोणिसाव्या फोनवाल्याने सांगितलेला अपघात खरोखरच दोन किलोमीटर पुढचा, दुसराच असू शकतो. म्हणून 'हो हो, कळलंय आम्हाला' असं म्हणून फोन ठेवायचा नसतो. त्यालाही तेच प्रश्न विचारायचे असतात. तुमच्या आधी दहा जणांनी फोन केला असेल असं समजून तुम्हीही गप्प बसू नका.


प्रश्न : प्रत्येक पोलिसाच्या खिशात आता चांगला मोबाइल असतो. व्हॉट्सअॅपवर फोटो जातो, नकाशा जातो. तरीही कमरेला ती जड वॉकीटॉकी आणि गाडीत खरखरणारा सेट कशासाठी? जुनी सवय सुटत नाही म्हणून?
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : सवय नाही, सर. फोनवर दोन माणसं बोलतात. बिनतारी संचावर एक बोलतो आणि त्या चॅनेलवरचे बाकी सगळे ऐकतात. पोलिसांचं सारं समन्वयाचं काम या फरकावर उभं आहे.

कंट्रोल म्हणतं, 'सीबीएसहून पळालेली पांढरी जीप पंचवटीकडे.' हे वाक्य ज्याला उद्देशून आहे त्याने ऐकलं, तसंच ते द्वारका चौकातल्या शिपायाने ऐकलं, आडगाव नाक्यावरच्या गाडीने ऐकलं, ठाण्यात बसलेल्या अधिकाऱ्यानेही ऐकलं. कुणी त्यांना वेगळं कळवलं नाही. द्वारकेचा शिपाई आपण होऊन रस्त्याच्या मध्ये येतो. दहा जणांना दहा फोन करायला लागले असते, तर दहावा फोन लागेपर्यंत जीप ओझरला पोहोचली असती. शिवाय ऐकणाऱ्यापाशी एखादी माहिती असते, जी पाठवणाऱ्याला ठाऊक नसते. 'कंट्रोल, तो रस्ता संध्याकाळपासून खणलेला आहे' असं तिसराच कुणी सांगतो आणि बेत तिथल्या तिथे बदलतो.

मात्र सगळे ऐकतात याची किंमत अशी, की एका वेळी एकानेच बोलायचं. वॉकीटॉकीवरचं बटण दाबलं की तुम्ही बोलू शकता, ऐकू शकत नाही. सोडलं की उलट. तेव्हा हे चॅनेल म्हणजे एकपदरी पूल. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर ज्याची लहर जोरकस त्याचा आवाज पुढे जातो आणि दुसऱ्याचा बुजतो, किंवा दोन्ही मिळून नुसती किरकिर ऐकू येते. यातली खरी भीती अशी, की ज्याचा आवाज बुजला त्याला ते कळतच नाही. आपण मदत मागितली आणि ती पोहोचली, अशा समजुतीत तो राहतो.

बोलण्याची ती शिस्त इथून येते. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग स्वतःचं, मग थांबायचं. त्याने हुंकार भरला की निरोप. निरोप थोडक्यात, आणि संपल्यावर 'ओव्हर'. ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा, विशेषतः गाडीचा क्रमांक, रस्ता आणि वेळ. बी, डी, पी, टी, व्ही ही अक्षरं खरखरीत सारखीच ऐकू येतात, म्हणून प्रत्येक अक्षरासाठी एक ठरलेला शब्द असतो. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही जी मालिका आज जगभर चालते, ती विमानवाहतुकीसाठी १९५६ मध्ये पक्की झाली. नियंत्रण कक्षातला माणूस या पुलावरचा राखणदार. दोघे एकदम बोलले तर कोण बुजलं हे ओळखून तो त्याला पुन्हा बोलायला लावतो. एखादा अंमलदार संकटात असेल तर बाकीच्यांना थांबवतो, आणि मग त्या चॅनेलवर फक्त तो आणि कंट्रोल. अंधाऱ्या वस्तीत एकटा गेलेला शिपाई बराच वेळ बोलला नाही, तर आपण होऊन त्याला हाक मारणं हेही त्याचंच काम. चांगला डिस्पॅचर शब्दांइतकंच मौनाकडे लक्ष ठेवून असतो.

नाशिककरांना डोंगरांचं सांगायला नको. पोलीस वापरतात त्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे शांतता. म्हणून उंच माथ्यावर रिपीटर बसवतात. तो एका लहरीवर ऐकतो आणि जास्त ताकदीने दुसऱ्या लहरीवर तेच पुन्हा पाठवतो, आणि दरीतला सेट व शहरातला कंट्रोल एकमेकांना ऐकू येतात. हे जाळं राखणारा एक वेगळा विभाग महाराष्ट्र पोलिसांत आहे, बिनतारी संदेश विभाग, आणि त्याचं मुख्यालय पुण्यात आहे. पावसाळ्यात माथ्यावरचा संच चालू ठेवणाऱ्या त्या माणसांची नावं बातमीत येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. रिपीटर बंद पडला तरी जवळजवळचे दोन सेट थेट एकमेकांशी बोलू शकतात. मोबाइलचा टॉवर पडला, किंवा मोठ्या दुर्घटनेनंतर लाखो लोकांनी एकदम फोन लावल्याने जाळं तुंबलं, तर तुमच्या-माझ्या खिशातले दोन चांगले फोन शेजारी असूनही मुके होतात.

मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्याची, २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र यासाठी आठवावी लागते. छत्रपती शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, ताज, ट्रायडंट-ओबेरॉय, नरिमन हाउस, कामा रुग्णालय अशा ठिकाणांहून एकाच रात्री निरोप येत होते. दोन टॅक्सींमध्ये ठेवलेल्या बॉम्बपैकी एक माझगावला फुटला, दुसरा विलेपार्ल्याला. नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाच्या कानावर पडणारं चित्र किती विस्कळीत असेल त्याची कल्पना करा. एकच टोळी जागा बदलत फिरते आहे, की दहा टोळ्या आहेत? फोन करणारा प्रत्येक जण खरंच सांगत असतो, पण आपल्या खिडकीतून दिसलं तेवढंच. त्या रात्री कुठे काय चुकलं, याची चौकशी राम प्रधान समितीने केली. या हल्ल्यात शहीद झालेले पोलीस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षातल्या नोंदी मिळवून पुस्तक लिहिलं. त्या नोंदी होत्या म्हणून प्रश्न विचारता आले. जे बोललं गेलं ते वेळेसकट नोंदलेलं राहतं, हा बिनतारी व्यवस्थेचा आणखी एक गुण, आणि एका वीरपत्नीला त्याचा आधार घ्यावा लागला.

पण त्याच रात्री सेटने काय केलं हेही सांगायला हवं. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर या पोलीस अधिकाऱ्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. अतिरेक्यांनी तीच गाडी पळवली. तिच्या मागच्या भागात अरुण जाधव हा जखमी शिपाई सहकाऱ्यांच्या देहांखाली पडून होता. अतिरेकी ती गाडी सोडून गेल्यावर त्याने कसाबसा सेट गाठला आणि घडलं ते कंट्रोलला सांगितलं. अतिरेक्यांनी दुसरी मोटार बळकावली होती. चंदेरी स्कोडा मरीन ड्राइव्हवरून येते आहे, हा निरोप बिनतारी संचावरून गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर पोहोचला. तिथे डी. बी. मार्ग ठाण्याची माणसं उभी होती. मोटार अडथळ्याच्या अलीकडे थांबली. त्या तुकडीतल्या तुकाराम ओंबळे यांनी कसाब या अतिरेक्याची बंदूक दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण ती सोडली नाही. कसाब जिवंत सापडला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांच्या शौर्याला कशाचीच जोड लागत नाही. तरी ती मोटार कोणती हे त्यांच्या तुकडीला आधी ठाऊक होतं, आणि ते एका आवाजामुळे, हे मला विसरता येत नाही.

सगळे ऐकतात हे मात्र एका चॅनेलपुरतं खरं. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये पोलिसांचं हेलिकॉप्टर वरून पाहत होतं. वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दुसरा मनोरा आता टिकणार नाही, असा इशारा वैमानिकाने पोलिसांच्या चॅनेलवर दिला. आत शंभरावर मजल्यांच्या जिन्यांवर अग्निशमन दलाचे जवान होते. त्यांचे संच वेगळे, लहरी वेगळ्या, आणि हा इशारा त्यांच्यापर्यंत नेणारी वाट नव्हती. त्या दिवशी ३४३ अग्निशमन जवान गेले. नंतरच्या चौकशी आयोगाने दाखवून दिलं, की ९११ वर फोन घेणाऱ्यांनाही इमारत रिकामी करायचा निर्णय कळवलेला नव्हता. लोक वरच्या मजल्यांवरून विचारत होते, 'थांबू की उतरू?' आणि काहींना नेहमीच्या नियमाप्रमाणे 'आहात तिथेच थांबा' असं सांगितलं गेलं. फोन घेणाऱ्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. ज्याने उत्तर द्यायचं त्यालाच माहितीच्या बाहेर ठेवलं गेलं होतं.


प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला राहतो. आमचा मुलगा दिवसभर 'टेन-फोर, टेन-फोर' करत खेळत असतो. पोलीस 'दहा'ने सुरुवात का करतात?
– एक वाचक

उत्तर : यामागे एक मोटर आहे. तुम्ही राहता त्या राज्याचाही या इतिहासात वाटा आहे, तेव्हा थोडं मागून सांगतो.

डेट्रॉइटच्या पोलिसांनी एप्रिल १९२८ मध्ये गस्तीच्या गाडीत रेडिओ बसवून दाखवला. तो एकतर्फी होता. गाडीतल्या शिपायाला ऐकू यायचं, उत्तर देता यायचं नाही. निरोप मिळाला का, हे मुख्यालयाला कळावं म्हणून त्याने गाडी थांबवून जवळचा टेलिफोन शोधायचा. त्या काळी पोलिसांसाठी वेगळा परवानाच नव्हता, त्यामुळे सुरुवातीला त्यांना करमणुकीच्या केंद्राचा परवाना घेऊन गाणीही लावावी लागली. गाडीतूनही बोलता येईल असा दुतर्फी रेडिओ १९३३ मध्ये तुमच्याच न्यू जर्सीतल्या बेयॉन शहराच्या पोलिसांनी वापरात आणला.

त्या दुतर्फी संचांत दिवे आणि नळ्या होत्या. प्रक्षेपणाला लागणारा उच्च दाब गाडीच्या बॅटरीतून तयार करायला एक छोटी मोटर-जनित्राची जोडी असायची. बटण दाबल्यावर तिला वेग घ्यायला क्षणभर लागायचा, आणि तेवढ्यात बोललेला पहिला शब्द हवेत पोहोचतच नसे. इलिनॉय राज्य पोलिसांतल्या चार्ल्स हॉपर यांनी १९३७ च्या सुमारास संकेतांक बसवताना प्रत्येकाच्या आधी 'दहा' ठेवले. तो 'दहा' गिळला गेला तरी पुढचा आकडा शाबूत राहायचा. दहा-चार म्हणजे 'निरोप कळला'. मोटरी गेल्या, ट्रान्झिस्टर आले, 'दहा' मात्र मागे राहिले.

पुढे या आकड्यांची अडचण झाली. प्रत्येक गावाने आपापले अर्थ लावले. एका पोलीस दलात जो आकडा 'जेवायला जातोय' सांगतो तो शेजारच्या दलात काही तरी गंभीर असू शकतो. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर वेगवेगळ्या ठिकाणची पथकं एकत्र काम करू लागली, तेव्हा अमेरिकी सरकारने आग्रह धरला, की संयुक्त कामात साधी भाषा वापरा. मला हा निर्णय पटतो. संकेतांकांमुळे बोलणं आटोपशीर होतं खरं, पण ऐकणाऱ्याला अर्थ आठवावा लागत असेल, तर वाचलेला वेळ तिथेच जातो.

मुलाला हेही सांगा, की ९११ वरचा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलीव्हिल या लहानशा गावात वाजला. ब्रिटनमध्ये ९९९ त्याच्या बऱ्याच आधी, ३० जून १९३७ ला लंडनमध्ये सुरू झाला. नोव्हेंबर १९३५ मध्ये विम्पोल स्ट्रीटवरच्या आगीत पाच स्त्रिया दगावल्या. शेजाऱ्याने फोन लावला होता, पण एक्स्चेंजच्या रांगेत तो अडकून पडला. असा संकटातला फोन एक्स्चेंजला लगेच ओळखता यावा, म्हणून वेगळा क्रमांक आला. आपल्याकडे १००, १०१, १०२, १०८ असे कितीतरी क्रमांक होते. ११२ हा युरोपने १९९१ मध्ये ठरवलेला आणि मोबाइलच्या जागतिक प्रणालीत शिरलेला आकडा. भारतात तो निर्भया निधीतून उभा राहिला, आणि २०१८ च्या नोव्हेंबरात हिमाचल प्रदेशाने सर्वांत आधी स्वीकारला.


प्रश्न : बोलताच येत नसेल तर? घरात तोच माणूस समोर उभा असेल तर?
– नाव देत नाही

उत्तर : ताई असाल किंवा दादा, हे आधी वाचा. भारतात २०१७ पासून विकल्या गेलेल्या फोनमध्ये संकटाचं बटण असणं बंधनकारक आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर चालू-बंदचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं. काही फोनांत ही सोय सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते, आणि कुठे पाच वेळा दाबावं लागतं. म्हणून आजच, शांत वेळी, तुमच्या फोनचं तपासून ठेवा. '११२ इंडिया' हे सरकारी अॅपही आहे, त्यातून न बोलता मदत मागता येते.

फोन लावलात आणि बोलता आलं नाही, तर तो तोडू नका. उघडा ठेवा. पलीकडची व्यक्ती पार्श्वभूमीतले आवाज ऐकत असते आणि तुटलेल्या क्रमांकावर उलट फोनही केला जातो. समोर कुणी असेल आणि उलट फोन आलेला चालणार नसेल, तर दुसऱ्याच कुणाशी बोलताय असं भासवून पत्ता उच्चारा : 'हो, अमुक सोसायटी, तिसरा मजला, पार्सल तिथेच द्या.' अनुभवी कान ते ओळखतात. ब्रिटनमध्ये यासाठी पद्धतच आहे. मोबाइलवरून ९९९ लावून बोलता येत नसेल, तर सूचना ऐकू आल्यावर ५५ दाबायचं, म्हणजे फोन पोलिसांकडे जातो. आपल्याकडेही असा एखादा आकडा ठरवून तो शाळाशाळांत शिकवावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि ज्यांच्या हातून ११२ चुकून लागतो त्यांनी घाबरून फोन कापू नये. 'चुकून लागला' एवढं सांगावं. नाहीतर पलीकडच्या माणसाला तुमच्यापेक्षा तुमची जास्त काळजी लागते, आणि त्या उलट फोनांत दुसऱ्या कुणाचा तरी वेळ जातो.


प्रश्न : मी आठवीत आहे. पोलिसांचं बोलणं घरी बसून ऐकता येतं का? अमेरिकेत लोक ऐकतात असं मी वाचलं.
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : अमेरिकेत हा छंद जुना आहे. स्कॅनर नावाचं यंत्र बाजारात मिळतं आणि पिढ्यानपिढ्या लोकांनी त्यावर पोलिसांचं बोलणं ऐकलं. आता मात्र तिथेही अनेक शहरांची पोलीस दलं आपलं बोलणं सांकेतिक करून बंद करत चालली आहेत. न्यूयॉर्कने २०२३ पासून ते सुरू केलं. बातमीदार त्यावर नाराज आहेत, कारण घटनास्थळी पोहोचायची त्यांची वाट बंद होते. पण पीडितेचा पत्ता आणि नाव गावभर ऐकू जाऊ नये, हेही तितकंच खरं. आपल्याकडे पोलिसांच्या लहरी परवान्याशिवाय ऐकणं कायद्यात बसत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नकोस.

तुझ्यासाठी दुसरी वाट आहे, हौशी रेडिओची. तिला हॅम म्हणतात. भारतात बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही त्याची परीक्षा देता येते, म्हणजे तू आजच पात्र आहेस. केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग परवाना देतो. त्याच्या दोन श्रेणी आहेत. 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीला मोर्स संकेत लागत नाहीत. 'जनरल'साठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावा लागतो. अभ्यासक्रमात थोडी वीज, थोडा रेडिओ आणि बोलण्याची तीच शिस्त आहे, जिच्याबद्दल वर नाशिकच्या सरांना लिहिलं. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपात आणि जानेवारी २००१ मध्ये भुजच्या भूकंपात टेलिफोन बंद पडले, तेव्हा हॅम मंडळींनी आपले संच घेऊन तिथून निरोप पोहोचवले होते. विज्ञानाच्या बाईंना विचार, जवळपास कुणी हॅम आहे का. ही माणसं शिकवायला नेहमी तयार असतात. आधी त्यांच्याजवळ बसून नुसतं ऐक. बटण दाबायला परवाना लागतो, पण हॅमच्या संचाशेजारी बसून बोलणं कसं चालतं ते पाहायला फक्त त्यांची परवानगी पुरते.